नकारानंतरचे चाळीस सेकंद

सव्वादोन तासांच्या हिंदी किंवा मराठी प्रेमपटात नायिका पहिलं ‘नाही’ म्हणते ते बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास. तो नकार आणि त्यानंतरचे चाळीसेक सेकंद आवाज बंद करून पाहिले, की या सगळ्या प्रकाराची कळ कुठं आहे ते समजतं. क्रम ठरलेला असतो. ती ‘नाही’ म्हणते, वळते, चालू लागते. कॅमेरा तिच्याबरोबर जात नाही, नायकाजवळच थांबतो. त्यामुळे आपल्याला त्याचं पडलेलं तोंड दिसतं, तिचं वैतागलेलं नाही. मग त्याचा मित्र टोमणा मारतो आणि थेटरात हशा पिकतो. एकदा हसून झालं की नकार कुणाला गंभीर वाटत नाही. मग पुन्हा ती, पाच-सहा पावलं, संथ गतीत. (सेकंदाला ४८ फ्रेम टिपून २४च्या वेगानं दाखवल्या की तीन सेकंदांचं चालणं सहा सेकंदांचं होतं, एवढीच त्यातली करामत.) शेवटी चेहऱ्याचा क्लोजअप: मान किंचित खाली, ओठ दाबलेले, गालातल्या गालात हसू. मागे बासरी किंवा संतूर, आणि गाणं सुरू.

खरी चलाखी इथंच आहे. ते हसू नायकाला दिसतच नाही, कारण त्याच्याकडे तिची पाठ असते. ते फक्त प्रेक्षकासाठी असतं. म्हणजे पुढचा अर्धा तास तो तिच्या मागे लागतो, तिच्या मैत्रिणीला पटवतो, घराचा पत्ता काढतो, बसस्टॉपवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती नकाराशिवाय काहीच नसतं. तिला तो आवडतो हे दिग्दर्शकाला माहीत, आपल्याला माहीत, त्याला नाही. तरी पटकथा शेवटी त्यालाच खरं ठरवते. आणि बाहेर पडणारा पोरगा एक खात्री घेऊन निघतो: पाठ फिरवून गेलेल्या पोरीच्या तोंडावर, आपल्याला न दिसणारं का होईना, हसू असणारच. ‘हसली की फसली’ याच्याही पुढची ही पायरी. इथं हसायचीसुद्धा गरज उरत नाही.

लातूरचा ट्यूशन एरिया किंवा नांदेडची क्लासेसची गल्ली घ्या. अहमदपूर, उदगीर, गंगाखेड, मुखेडकडच्या मुली खोली करून किंवा हॉस्टेलात राहतात, पहाटे उठून बॅचला जातात, रात्री टेस्टची तयारी करतात. तिथं दुचाकीवरून रोज त्याच वळणावर येणारा, नंबर मिळवून रात्री ‘जेवलीस का’ विचारणारा, ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून येणारा मुलगा स्वतःला गुन्हेगार समजत नाही. तो गाण्याच्या आधीच्या भागात आहे, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. स्त्रीनं नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हापुन्हा मागे जाणं, संपर्क साधत राहणं, तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवणं हा २०१३च्या दुरुस्तीनं स्वतंत्र गुन्हा झाला, भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ड. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा तो अजामीनपात्र. पोलिसांची दामिनी पथकं आहेत, मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

पण तक्रार फार कमी वेळा होते, आणि याचं कारण पोलीस चौकीपेक्षा घरात सापडतं. मुलीनं घरी सांगितलं की वडिलांचं पहिलं पाऊल चौकीकडे पडत नाही. ते हॉस्टेलकडे पडतं. ‘सामान भर.’ क्लास बंद, फोन जप्त, आणि पुढच्या महिन्यात पाहुणे. मुलींना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या गप्प राहतात. आणि गप्प राहिलेल्या मुलीचं सिनेमात काय होतं? ती लाजते आहे असं धरतात.

मराठवाड्यात हा साखळदंड आणखी लांब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. परभणीत ४८, बीडमध्ये ४३.७. या आकड्यांचं खापर सिनेमावर फोडणं चूक ठरेल. कारणं जुनी आणि पैशाची आहेत. ऊसतोडीला मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं पोरगं अर्धा कोयता. टोळ्या कारखान्याकडे हलायच्या तोंडावर घाईनं उरकलेली लग्नं त्यातून येतात. आईबाप सहा महिने फडावर आणि वयात आलेली पोरगी गावात आजीजवळ, ही दुसरी काळजी. पण ही काळजी नेमकी कसली, हे आईबापांना विचारलं की उत्तर येतं: ‘कुणी मागं लागलं, काही भलतंसलतं झालं तर?’ म्हणजे पडद्यावर जे हसण्यावारी नेलं जातं, त्याच्या धाकानं इथं पोरीचं दप्तर सुटतं. पाठलाग करणाऱ्याला सिनेमा नायक करतो आणि मुलीच्या वडिलांना तिचं सासर शोधायला लावतो, असंही म्हणता येईल.

सिनेमा पाहून माणसं खरंच बदलतात का, हा वाद जुना आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सरळ नाही. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी पूर्वीच मांडलं होतं की एखादं दृश्य माणसाला बदलत नाही. वर्षानुवर्षं तेच तेच पाहिलं की जग असंच असतं, अशी समजूत मुरत जाते. अलीकडची कामं जास्त नेमकी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी (हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं) स्त्रियांच्या एका गटाला पाठलागावर विनोद करणारी कॉमेडी दाखवली, दुसऱ्याला पाठलागाची दहशत दाखवणारा सिनेमा, तिसऱ्याला पशुपक्ष्यांचा माहितीपट. दहशत पाहिलेल्या स्त्रिया पाठलागाला सहजी माफ करायला तयार नव्हत्या. कॉमेडी पाहिलेल्या सगळ्याच बदलल्या नाहीत. पण ज्यांना ती खरी वाटली, ज्या तिच्यात रमल्या, त्यांचा कल ‘एवढं काय त्यात’कडे अधिक होता. २०१३ मध्ये व्हेरॉनिका हेफ्नर आणि बार्बरा विल्सन यांनी आणखी एक दुवा जोडला. प्रेम कसं करायचं ते शिकावं म्हणून जे प्रेमपट पाहतात, त्यांच्यात ‘एकच खरा जोडीदार’, ‘पहिल्या नजरेतलं प्रेम’ या कल्पना जास्त घट्ट असतात. त्या सिनेमांत या कल्पनांना छेद देणारे संवादही असतात, पण शेवटी बक्षीस कल्पनांनाच मिळतं.

मला हा ‘शिकण्यासाठी पाहणारा’ प्रेक्षक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे दुसरी शाळाच नाही. बालवाडीपासून बाक वेगळे, एसटीत सीट वेगळी, जत्रेत रांग वेगळी. बहीण आणि चुलतबहीण सोडून एकाही मुलीशी पाच मिनिटं सरळ न बोललेला वीस वर्षांचा मुलगा इथं दुर्मीळ नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की विचारायचं तर एकदा, दिवसाउजेडी, चार लोक असलेल्या ठिकाणी, तिला निघून जायची वाट मोकळी ठेवून. उत्तर तिथंच मागायचं नाही. ‘नाही’ आलं किंवा काहीच आलं नाही तर ते नाहीच. मैत्रिणीकडून पुन्हा निरोप धाडायचा नाही, हातावर ब्लेड मारून फोटो तर मुळीच पाठवायचा नाही. एवढ्या पाच-सहा वाक्यांचं शिक्षण. ते बाप देत नाही, मास्तर देत नाहीत, मग मोबाइल देतो.

उलट दिशेचाही पुरावा आहे, तो सोडून देणं बरोबर नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांच्या २००९च्या अभ्यासात भारतातल्या काही राज्यांमधल्या खेड्यांत केबल पोचल्यावर बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा ही ओढही कमी झाली. मालिकांमधल्या शहरी, नोकरी करणाऱ्या, उलट बोलणाऱ्या बायका पाहून हे झालं असावं, असा त्यांचा तर्क. तेव्हा पडदा बिघडवतोच असं नाही. प्रश्न एवढाच, की हशा कुणावर होतो.

आणि याबाबतीत आपली जुनी मंडळी आजच्या पटकथाकारांपेक्षा शहाणी होती, असं म्हणायला जागा आहे. तमाशाच्या गवळणीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात. छेडछाडच ती. पण तिथं मावशी असते. ती पेंद्याची अशी काही उतरवते की फड हसतो तो अडवणाऱ्यावर. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदेच्या काठचं सगळं प्रेम, रुसवे, चोरट्या भेटी आहेत. आणि बोलतात त्या बहुतेक बायका. क्लोजअप कुणाचा घ्यायचा हे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणला कळत होतं. एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर तर १५७१चं. लग्न जमत नसलं की अजूनही मुलींना त्याचं पारायण करायला सांगतात. त्यात आहे काय? भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न मोडायला मुलगी स्वतः पत्र लिहिते, ब्राह्मणाच्या हाती पाठवते, अंबिकेच्या देवळात मी येणार आहे तिथून ने म्हणून कळवते. होकार लेखी, ठिकाणासह. ज्या घरात ही पोथी वाचतात त्याच घरात मुलीच्या पुस्तकात चिठ्ठी सापडली तर काय होतं, ते सांगायला नको.

पोरांइतकंच वडीलधारेही सिनेमातून शिकतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’नं एका पिढीला एक साचा दिला: पळून जायचं नाही, बापाचं मन जिंकायचं, आणि शेवटच्या चार मिनिटांत बाप हात सोडतो. तेव्हापासून दोन अपेक्षा घट्ट बसल्या. मुलांना वाटतं, थोडं थांबलं की बाप विरघळतो. बापाला वाटतं, खरं प्रेम असेल तर पोरगा माझ्या उंबऱ्यावर येऊन झिजेल, आणि हात सोडायचा की नाही ते शेवटी माझ्याच हातात. मुलीनं काय ठरवलंय हा प्रश्न दोन्हीकडे मधेच गळून जातो. शिवाय या साच्यातली अडचण नेहमी स्वभावाची, श्रीमंतीची किंवा प्रांताची असते. आडनाव ऐकून चहाचा कप खाली ठेवणारा बाप विनोदी सिनेमात बसत नाही. देशात आंतरजातीय लग्नं सुमारे पाच टक्क्यांच्या घरात आहेत, असं मानव विकास सर्वेक्षणात दिसलं होतं. पडद्यावर त्या पंचाण्णव टक्क्यांचं कारण कधी उच्चारलं जात नाही.

‘सैराट’नं ते उच्चारलं. २९ एप्रिल २०१६ला आलेल्या त्या सिनेमाचा पूर्वार्ध निव्वळ प्रेमाची कॉमेडी आहे, विहीर, बुलेट, क्रिकेटसह. उत्तरार्धात भाड्याची खोली, संशय, भांडण, आणि अखेरीस आवाज काढून घेतलेला शेवट. लोकांनी काय केलं? गाणं वरातीत डीजेवर नेलं आणि शेवट थेटरातच ठेवून आले. चांगल्या सिनेमाच्याही हातात सगळं नसतं, ते असं.

एका देवळात, दोन हार, एक मित्र साक्षीदार, टाळ्या: पडद्यावर लग्नाला वीस सेकंद लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे काय लागतं ते पाहा. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण. दोघांपैकी एकानं तरी ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथं सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे दिली की ती कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मग तीन साक्षीदारांसमोर घोषणापत्र आणि सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. पुण्यात नोटीस दिली म्हणजे गावाला कळणार नाही, या भरवशावर जोडपं असतं; पण एखाद्याचं कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही फलकावर लागते. बीडच्या कार्यालयात कागद लागला की संध्याकाळपर्यंत तो कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर असतो. मग गाडी निघते. दुसरी गफलत हरकतीबद्दल. ‘आम्हाला पसंत नाही’ ही आईबापांची हरकत कायद्यात बसतच नाही. आधीचं लग्न, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं एवढीच कारणं चालतात. हे मुलांना माहीत नसतं, म्हणून काउंटरवरच्या बाबूनं ‘आईवडिलांना घेऊन या’ म्हटलं की ती परत फिरतात. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८च्या शक्ती वाहिनी प्रकरणात सुरक्षित निवाऱ्याचे आणि विशेष कक्षांचे निर्देश दिलेले आहेत, आणि एक जोडीदार अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त किंवा भटक्या समाजातला असेल तर राज्याची पन्नास हजारांची योजनाही आहे. यातलं काहीच कुठल्या गाण्याच्या ओळीत येत नाही, येणारही नाही.

ठरवून केलेल्या लग्नांवरचा परिणाम वेगळा, आणि थोडा गमतीचा आहे. २०१०च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दोन अनोळखी माणसं दिवसभर शहरभर बोलत हिंडतात आणि त्यातच ओळख होते. आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे झाल्यावर कुणीतरी समजूतदार दाजी म्हणतात, ‘जाऊ द्या गच्चीवर दोघांना, बोलू द्या.’ दहा मिनिटं. जिन्यात धाकटा भाऊ उभा. सुपारी फुटून तिथी निघेपर्यंतचे तीन-चार महिने मात्र फोनवर अख्खा सिनेमा घडतो: रात्री दोनपर्यंत बोलणं, सरप्राइज, वाढदिवसाला कुरिअरनं केक, मग दौलताबादला नाहीतर मकबऱ्यासमोर धुराच्या नळकांड्यांसह प्री-वेडिंग. लग्नात ड्रोन, कोरड्या बर्फाचा धूर आणि नवरीची एन्ट्री. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंगवर बंदीचे ठराव झाले; खर्चावर बोलण्यापेक्षा तिथंही मुलीच्या कपड्यांवरच जास्त बोललं गेलं. आणि बस्ता, मानपान, देणंघेणं? ते ड्रोनच्या बिलासोबत तसंच चालू. प्रेमाचं सगळं सामान आलं, हुंड्याचं काही गेलं नाही.

शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, याचं खापरही कधी कधी सिनेमावर फोडतात. नायक नेहमी फोटोग्राफर, गायक, जाहिरातवाला; कर्ज, पीकविमा, फवारणी असलेला एकही नाही, हे खरं. पण मुलीच्या बापाला ‘शेती हवी, शेतकरी नको’ हे सुचायला सिनेमा लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि शेतकऱ्यानं ते बाजारात त्याच्याही खाली विकलं. तो हिशेब प्रत्येक घराला करता येतो.

मग पाहायचं की नाही? पाहावं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकाच्या पुढाकारानं १७४ नवविवाहित जोडप्यांवर काम झालं होतं. काही जोडप्यांना तज्ज्ञांची शिबिरं दिली, काहींना फक्त महिन्यात पाच सिनेमे एकत्र पाहून प्रत्येकानंतर ठरावीक प्रश्नांवर अर्धा-पाऊण तास बोलायला सांगितलं. तीन वर्षांनी, काहीच न केलेल्यांत विभक्त झालेल्यांचं प्रमाण २४ टक्के, सिनेमावाल्यांत ११, शिबिरवाल्यांइतकंच. करामत सिनेमाची कमी आणि नंतरच्या बोलण्याची जास्त, असं मला वाटतं.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) सात दिवसांच्या शिबिरात किंवा किशोरी गटात हे करता येतं, आणि त्याची रीतही अवघड नाही. अख्खा सिनेमा लावू नये. दीड तासानंतर पोरं गाण्यांतच राहतात. नकाराचा एक प्रसंग निवडावा, चार मिनिटांचा. आधी आवाज बंद करून दाखवावा, आणि ते हसू यायच्या आधी थांबवावा. विचारावं: ‘तिला आता काय हवंय?’ मग आवाजासह, हसण्यासकट दाखवावा आणि तोच प्रश्न पुन्हा. उत्तरं बदलतात, आणि कशामुळे बदलली ते पोरंच सांगतात: बासरीमुळे. ‘हे बरोबर की चूक’ असं विचारलं की कार्यक्रम संपला समजायचं. सगळे परीक्षेतलं उत्तर देतात. पहिल्या दिवशी मुलं-मुली एकत्र बसवले तर मुली एक शब्द बोलत नाहीत आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या येतात, म्हणून आधी वेगवेगळे गट आणि तिसऱ्या दिवशी एकत्र. मुलींच्या गटात वेगळा प्रश्न ठेवावा: ‘त्यानं काय म्हटलं असतं तर तुला भीती वाटली नसती?’ ही उत्तरं नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावीत आणि मुलांच्या गटात दुसऱ्यानं वाचून दाखवावीत. चिठ्ठ्या मुलांच्या हाती मात्र देऊ नयेत. गावात अक्षर ओळखू येतं.